मदत हवी आहे: दोन एमआरआय, पिट्युटरीची दोन मापं. ७.२ खरं की ८.९?

लेथवाला:
नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत टर्नर आहे. वैद्यकीय काही कळत नाही, माप मात्र कळतं, आणि घोळ मापाचाच आहे.

मुलगी १३ वर्षांची. शाळेतून आली की डोकं धरून बसायची, म्हणून मार्चमध्ये मेंदूचा एमआरआय केला. सगळं नॉर्मल, फक्त पिट्युटरीची (मेंदूखालची हार्मोनची ग्रंथी) उंची ७.२ मिमी अशी एक ओळ. परवा दुसऱ्या सेंटरला खास पिट्युटरीचा केला, त्यात ८.९, आणि पुढं 'बल्की (म्हणजे भरीव, मोठी), वरची कड फुगीर'. म्हणजे सात महिन्यांत १.७ मिमी वाढली? नेटवर एका ठिकाणी हद्द ८ दिलीय. घरात दोन रात्री कुणाला झोप नाही.

राहवेना म्हणून फिल्म खिडकीला धरली आणि व्हर्निअर लावला. साडेतीन मिमी! हसू नका. पण ही उंची कुठून कुठवर धरतात ते कुणी सांगेल का? आमच्यात डेटम, म्हणजे माप कुठून धरायचं ते, ठरल्याशिवाय जॉबला कुणी हात लावत नाही. हार्मोनच्या डॉक्टरांची तारीख गुरुवारची आहे.

कुंदामावशी:
माझ्या पुतणीच्या रिपोर्टात पण 'बल्की' आलं होतं. पुढं काही निघालं नाही. जेवून घ्या आधी दोघं.

काळी_फिल्म:
रेडिओलॉजीत आहे. चित्रं न बघता निदान सांगणार नाही, मापाचं सांगतो.

व्हर्निअरचं आधी. फिल्मवर चित्र लहान करून छापतात. कडेला सेंटिमीटरच्या खुणा असतात, त्यांच्याशी ताडून बघा. तरी फिल्मवर मोजू नका, सीडीवरच मोजतात.

डेटम म्हणाल तर तो हाडाचा आहे. ग्रंथी कवटीच्या तळाशी खोगिरासारख्या खळग्यात बसते. डोक्याचे बरोबर मधोमध, नाकाच्या रेषेत दोन भाग करणारा काप घ्यायचा आणि खळग्याच्या तळापासून ग्रंथीच्या वरच्या कडेपर्यंत, तळाला काटकोनात मोजायचं. रेघ तिरकी पडली की माप वाढतं. काप मधून सरकला की फुगीर ग्रंथीचा माथा सुटतो आणि माप घटतं.

मेंदूच्या साध्या एमआरआयत काप बहुधा ५ मिमी जाडीचे. ग्रंथीची रुंदी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तिच्यातून जेमतेम दोन-तीन काप जातात. २३० मिमीचं चित्र २५६ ठिपक्यांत बसवलं तर एक ठिपका ०.९ मिमीचा. हा तुमचा लीस्ट काउंट. वर एक, खाली एक ठिपका इकडंतिकडं झाला की झाले १.८! खास पिट्युटरीच्या तपासणीत काप ३ मिमी किंवा पातळ, ठिपकाही बारीक. मार्चचं ७.२ आणि परवाचं ८.९ वेगवेगळ्या गेजवरची मापं आहेत. दशांशानंतरच्या आकड्यावर जीव टाकू नका.

आता हद्द. आमच्यात एल्स्टर या रेडिओलॉजिस्टचा ६-८-१०-१२ हा ठोकताळा चालतो. लहान मुलं ६, पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका ८, पाळी येणाऱ्या बायका १०, गरोदरपणाची अखेर आणि बाळंतपणानंतरचा काळ १२ मिमी. वयात येताना ग्रंथी फुगतेच, मुलींत जास्त, आणि वरची कड घुमटासारखी होते. तुमच्या मुलीला ८ नाही, १० लावायचे. पाळी सुरू झालीय का?

लेथवाला:
हो, जूनमध्ये. रिपोर्टात वय लिहिलंय, तरी 'बल्की' का लिहिलं असेल?

काळी_फिल्म:
त्यांना विचारा, मी असतो तर वयाचा उल्लेख केला असता. पण एक गोष्ट सोडू नका: टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, याच ग्रंथीचं हार्मोन) तपासलंय का? थायरॉइड कमी पडलं की ग्रंथीला जोर लावावा लागतो आणि ती खरोखर मोठी होते. अशी ग्रंथी गाठ समजली जाते, आणि थायरॉक्सिनच्या गोळ्यांनी परत बसते. सुस्ती, उंची थांबणं असं काही?

लेथवाला:
उंची तर वर्षात तीन बोटं वाढली. प्रोलॅक्टिन (याच ग्रंथीचं दुसरं हार्मोन), टीएसएच दोन्ही उद्या तपासायला देतो.

जुना_क्षकिरण:
गंमत म्हणून. सीटी, एमआरआयच्या आधी ग्रंथी दिसायचीच नाही, एक्स-रेवर नुसता खळगा. १९६२ साली डी कायरो आणि नेल्सन यांनी लांबी, रुंदी, उंची गुणून निम्मं करायचं सूत्र दिलं, आकारमान काढायला. तेच सूत्र आज ग्रंथीलाही लावतात.

लेथवाला:
अपडेट. टीएसएच, प्रोलॅक्टिन दोन्ही नॉर्मल. गुरुवारी हार्मोनच्या डॉक्टर मॅडमनी दोन्ही सीड्या रेडिओलॉजीत पाठवल्या. तिथल्या डॉक्टरांनी मला शेजारी बसवून दोन्ही चित्रं एका स्क्रीनवर लावली आणि स्वतः रेघ ओढली. जुन्यात ८.३, नव्यात ८.७. जुन्या रिपोर्टातली रेघ शेजारच्या कापावर होती म्हणे. काँट्रास्ट (चित्र उजळ करणारं इंजेक्शन) दिल्यावर ग्रंथी सगळीकडं सारखी उजळली, गाठ असती तर तो भाग मागं राहिला असता. मागच्या भागातला पांढरा ठिपकाही जागेवर, आणि वर डोळ्यांच्या नसांना कुठं टेकलेली नाही. एमआरआय लगेच परत नको म्हणाल्या.

काळी_फिल्म:
छान. सीड्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. कधी परत करायची वेळ आलीच तर त्याच सेंटरला, त्याच पद्धतीनं.

लेथवाला:
उतरवल्या. डोकं अजून दुखतंय तिचं, मॅडमनी वही घालायला सांगितलीय: कधी, किती वेळ, काय खाल्लं होतं. त्याचा वेगळा धागा काढतो.