मदत हवी आहे: चार मैत्रिणींची महेश्वर सहल, सुंदर हॉटेल आणि साड्यांची खरेदी (शुक्रवारपर्यंत ठरवायचे आहे)

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी महेश्वरला जाणार आहोत आणि मला फक्त दोन प्रश्नांची नेमकी उत्तरे हवी आहेत. मुक्काम महेश्वरलाच करावा, की इंदूरच्या चांगल्या हॉटेलात राहून महेश्वर एका दिवसात पाहून यावे? आणि महेश्वरी साडी हातमागाचीच आहे याची खात्री करून घ्यायची असेल, तर ती कुठे आणि कशी घ्यावी?

गेली पंचवीस वर्षे आम्ही जिथे गेलो तिथे घरातल्या सगळ्यांच्या सोयीने गेलो. या वेळी खोली देखणी हवी, न्याहारी निवांत हवी, आणि दुकानात दोन तास बसलो तरी बाहेर कुणी ताटकळत उभे नसावे, एवढीच आमची इच्छा आहे. कृपया देवदर्शनाचे कार्यक्रम सुचवू नयेत. शुक्रवारी संध्याकाळी आरक्षण करायचे असल्यामुळे लवकर लिहावे, ही विनंती.

फिरस्ती_७

आपण कधी जाणार, कुठून निघणार, किती रात्री राहणार आणि प्रत्येकी खर्च किती करायची तयारी आहे, यांपैकी काहीही लिहिलेले नाही. जानेवारीतले महेश्वर आणि मे महिन्यातले महेश्वर यांत फार अंतर आहे, कारण मे महिन्यात निमाडच्या उन्हात दुपारी खोलीबाहेर पडवत नाही.

चंदनवेल

देखणे हॉटेल आणि खरेदी हेच हवे असेल, तर जयपूरला जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. तिथला रामबाग राजवाडा १९५७ पासून हॉटेल म्हणून चालतो आहे, आणि तो आवाक्याबाहेरचा वाटला तर जुन्या हवेल्यांमधली कितीतरी लहान हॉटेले आहेत. जोहरी बाजारात दागिने, मणिहारांच्या गल्लीत लाखेच्या बांगड्या, सांगानेर आणि बगरू इथे ठशांचे छापकाम, असे सगळे एकाच सहलीत होते. मी बहिणींबरोबर तिथे चार दिवस होते आणि तेही कमी पडले.

कृष्णाकाठ

चंदनवेल, आपण मनापासून लिहिले आहे, परंतु जयपूर आम्ही तिघींनी पाहिलेले आहे आणि महेश्वर नक्की झालेले आहे. फिरस्ती, आम्ही जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जाणार आहोत, दोन रात्री. साड्या सोडून प्रत्येकी चाळीस हजार रुपयांपर्यंत खर्च चालेल. आता तरी कृपया मूळ प्रश्नाकडे वळावे.

मालवा_इंदूर

मी जन्मापासून इंदूरची आहे, म्हणून अधिकाराने सांगते की मुक्काम महेश्वरलाच करा. इंदूर ते महेश्वर हे अंतर साधारण ९० ते ९५ किलोमीटर आहे आणि मानपूरचा घाट उतरून धामणोदमार्गे जायला दोन ते अडीच तास लागतात. एका दिवसात जाऊन येणारी माणसे अकराला पोहोचतात, उन्हात घाट पाहतात, घाईघाईने दोन साड्या घेतात आणि चारला परत निघतात. महेश्वर खरे पाहायचे ते सूर्य उगवताना आणि मावळताना, किल्ल्याच्या तटावरून खाली नर्मदा आणि पात्राच्या मध्यभागी बाणेश्वराचे देऊळ दिसते तेव्हा.

राहण्यासाठी किल्ल्यावरच होळकरांच्या वाड्यातले अहिल्या फोर्ट हे हॉटेल आहे. आपल्याला जे देखणेपण अभिप्रेत आहे ते तिथे आहे, पण खोल्या मोजक्या आहेत आणि दर उंच आहे. चौकशी करताना जेवण दरात धरले आहे का, हे स्पष्ट विचारा, कारण त्याने हिशेब पुष्कळ बदलतो. ते जमले नाही, तर राज्य पर्यटन महामंडळाचे नर्मदाकाठचे निवासस्थान आहे. ते साधे असले तरी जागा फार सुंदर आहे.

फिरस्ती_७

दराबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका खोलीचे एका रात्रीचे भाडे ₹७,५०० च्या वर गेले की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि त्याखालच्या खोल्यांवर तो सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. चौघींसाठी दोन खोल्या आणि दोन रात्री म्हटले, तरी हा फरक काही हजारांचा होतो.

अबोली

साड्यांविषयी लिहिते. दुकानात अजिबात जाऊ नका, थेट विणकरांच्या घरी जा. महेश्वरच्या गल्ल्यांमधून चालताना मागांचा खटखटाट ऐकू येतो, त्या आवाजाच्या दिशेने जायचे, दार वाजवायचे आणि समोर विणलेली साडी घ्यायची. मधला व्यापारी नसल्यामुळे ती स्वस्तही पडते.

तलम_सूत

अबोलीताईंच्या मताशी मी सहमत नाही. गेली वीस वर्षे मी हातमागाच्या कापडाच्या व्यवसायात आहे. घरात माग असला म्हणजे त्या घरातली प्रत्येक साडी त्याच मागावरची असते, असे मुळीच नाही. पुष्कळ घरांतून बाहेरून आणलेला मालही विकायला ठेवलेला असतो, आणि नवखे गिऱ्हाईक मागाकडे पाहत पाहत शेजारच्या गठ्ठ्यातली साडी उचलते.

म्हणून सुरुवात किल्ल्यातल्या रेहवा सोसायटीपासून करावी. ही संस्था रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७९ मध्ये विणकरांसाठी उभी केली. तिथे माग चालताना पाहता येतात आणि चांगले कापड हाताला कसे लागते ते कळते. एकदा हात तयार झाला, की मग गल्लीतल्या घरांकडे अवश्य जावे.

ओळखायचे कसे, तेही सांगतो. नेहमीच्या महेश्वरीत ताणा (मागावर ताणलेले उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (त्यांतून विणलेले आडवे धागे) सुताचा असतो, त्यामुळे ती हलकी असूनही तिला चमक असते. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि उलटसुलट नेसता येतो, त्याला बुगडी म्हणतात. काठावरची चटई, वीट, चमेली ही नक्षी तिथल्या वास्तूंच्या दगडी कोरीवकामावरून घेतलेली आहे, म्हणून आधी किल्ला पाहावा आणि मग साडी, म्हणजे डोळ्यांना ती नक्षी ओळखीची वाटते. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांची बारीक छिद्रे कडेला ठरावीक अंतराने दिसतात, ती पाहावीत, आणि हातमागाचे सरकारी चिन्ह आहे का, हेही विचारावे. केवळ छिद्रांवर मात्र विसंबू नये, कारण यंत्रमागाच्या कापडावरही तशा खुणा उमटू शकतात. सगळ्या गोष्टी एकत्र पाहाव्यात.

अबोली

मी तीन वेळा थेट घरूनच घेतल्या आहेत आणि एकदाही फसले नाही. संस्थेत किंमत जास्त असते, हे आपणही नाकारू शकणार नाही.

तलम_सूत

जास्त असते, हे मान्य आहे, परंतु त्या किमतीतून विणकराला मजुरी मिळते. साधी साडी उतरायलाही मागावर काही दिवस जातात. घरी जाऊन घ्या, पण तिथे घासाघीस करू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

रानजाई

माझाही अनुभव नोंदवते. दोन वर्षांपूर्वी घाटाजवळच्या एका दुकानातून मी तीन साड्या हातमागाच्या म्हणून घेतल्या. घरी आल्यावर एका जाणकार काकूंनी पाहून सांगितले की तिन्ही यंत्रमागाच्या आहेत. पैशांपेक्षा मला याचे वाईट वाटले, की त्यांतली एक मी आईला अहिल्याबाईंच्या गावची म्हणून दिली होती. तेव्हापासून पावतीवर ‘हातमाग’ हा शब्द लिहून घेतल्याशिवाय मी खरेदी करत नाही. ज्या दुकानदाराला तो लिहायला नको असतो, तिथून मी उठते.

धुळेकर

आपण नक्की कुठून निघणार आहात? सगळे जण इंदूर धरूनच बोलत आहेत. महेश्वर मुंबई-आग्रा महामार्गावरच्या धामणोदपासून अवघे १३ किलोमीटर आहे. नाशिक, धुळे, शिरपूर, सेंधवा असे गाडीने आलात तर इंदूरला जाण्याची गरजच नाही.

कृष्णाकाठ

आम्ही दोघी पुण्याच्या, एक नाशिकची आणि एक मस्कतहून येणारी आहे. पुणे-इंदूर थेट विमान आहे म्हणून इंदूर धरले होते. नाशिकच्या मैत्रिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे ती इतका वेळ गाडीत बसणार नाही. तारखा शनिवार २४ ते सोमवार २६ जानेवारी २०२६ अशा आहेत, कारण सव्वीसची सुट्टी मिळते. तलम_सूत, आपल्या माहितीबद्दल मनापासून आभार, मी ती चौघींच्या गटात पाठवली आहे.

मालवा_इंदूर

ताई, हे आपण पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते! रविवारी, २५ जानेवारीला रथसप्तमी आहे, आणि तोच दिवस नर्मदा जयंतीचा. त्यात प्रजासत्ताक दिनाची जोडून आलेली सुट्टी. त्या दिवशी महेश्वर आणि ओंकारेश्वर दोन्हीकडे स्नानासाठी सगळ्या निमाडातून माणसे येतात, संध्याकाळी घाटावर दीपदान होते आणि गावात गाडी शिरणे कठीण होते. ते दृश्य मी लहानपणापासून पाहिले आहे आणि मला ते अतिशय प्रिय आहे, पण निवांत न्याहारी आणि दुकानात दोन तास, हे आपल्याला त्या दिवशी मिळणार नाही.

आणि गुडघ्याचे सांगितलेत ते बरे झाले. वाड्यापर्यंत गाडी जाते, पण किल्ल्यावरून घाटावर उतरायला पायऱ्याच पायऱ्या आहेत. आरक्षण करताना तळमजल्यावरची खोली आवर्जून मागा. नावेत बसायचे असेल, तर जिथे सर्वांत कमी पायऱ्या उतराव्या लागतील अशा जागी नाव लावता येईल का, हे हॉटेलातच विचारा.

फिरस्ती_७

आणखी एक स्पष्ट विचारतो, राग मानू नये. मैत्रिणींच्या सहलीत गच्चीवर वाइनचा पेला घेण्याचा बेत असेल, तर तो महेश्वरला होणार नाही. मध्य प्रदेश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये महेश्वरलाच झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत धार्मिक स्थळांवर मद्यबंदीचा निर्णय घेतला, आणि १ एप्रिल २०२५ पासून ती महेश्वरात लागू आहे.

चंदनवेल

म्हणूनच मी जयपूर सुचवत होते.

रानजाई

चंदनवेलताई, धागाकर्तीने महेश्वर ठरले असल्याचे दोनदा सांगितले आहे. अहिल्याबाईंनी सुरतेहून आणि इतर ठिकाणांहून विणकर आणून जिथे हा उद्योग वसवला, त्या गावात जाऊन साडी घेण्याची इच्छा जयपूरने कशी भागेल?

धुळेकर

तारखा बदलता येत नसतील, तर मांडूला राहावे. महेश्वरहून ४०-५० किलोमीटर आहे. जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप पाहून होईल आणि गर्दीही टळेल. पावसाळ्यातला मांडू तर अप्रतिमच.

तलम_सूत

मांडू सुंदर आहे यात शंका नाही, पण त्यांना साडी घ्यायची आहे आणि ती पावसाळ्यात नव्हे, जानेवारीत घ्यायची आहे. मूळ प्रश्नाला धरून सुचवतो. गुरुवार २२ आणि शुक्रवार २३ या रात्री महेश्वरला राहावे, शनिवारी सकाळी गर्दी वाढण्याआधी निघावे आणि ती रात्र इंदूरला काढावी. शुक्रवार कामाचा दिवस असल्यामुळे माग चालू असतील. धार जिल्ह्यातल्या बाग गावचे लाल-काळे ठशांचे छापकामही महेश्वरी कापडावर केलेले मिळते. एखादी साडी तशी घ्यावी, ती नेहमीच्या पाहण्यात नसते.

मालवा_इंदूर

हा बेत उत्तम आहे. शनिवारी इंदूरला आलात तर दुपारी राजवाड्याजवळचा शीतलामाता बाजार पाहा, आणि रात्री सराफा. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकाने असतात, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात. जानेवारीत गराडू (तळलेला कंद) मिळते, ते चुकवू नका. सयाजी, मॅरियट ही मोठी हॉटेले विजयनगर भागात, सराफ्यापासून बरीच दूर आहेत. आराम हवा तर तिथेच राहा, पण रात्री परतण्यासाठी गाडी आधी सांगून ठेवा, कारण गुडघेदुखीच्या माणसाला त्या गर्दीत उभे राहून वाट पाहणे जमणार नाही. आणि वाइनचा पेला इंदूरच्या हॉटेलात निश्चित मिळेल.

अबोली

मस्कतच्या मैत्रिणीला एक सांगाल का? ब्लाउजचे कापड साडीबरोबर विणलेले आहे की वेगळे जोडलेले, हे तिथेच उलगडून पाहायला सांगा. परदेशात गेल्यावर जुळणारे कापड मिळत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चौघींचे बोलणे झाले. पुण्याच्या मैत्रिणीने गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली आहे, त्यामुळे २२ आणि २३ महेश्वर, २४ इंदूर आणि २५ ला परत, असे ठरले. किल्ल्यावरच्या हॉटेलाला आज लिहिले आहे आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या मागितल्या आहेत. त्यांचे उत्तर उद्या दुपारपर्यंत आले नाही, तर नदीकाठच्या पर्यटन निवासाचे आरक्षण करू.

रानजाई, तुमच्या आईच्या साडीचे वाचून मला फार वाईट वाटले. पावतीवर ‘हातमाग’ लिहून घेण्याचे मी विसरणार नाही. आम्हा चौघींची या वर्षी पन्नाशी पूर्ण होते आहे, आणि एकाच मागावरच्या, एकाच काठाच्या पण चार रंगांच्या साड्या घ्यायच्या, असे आमच्या मनात आहे. तलम_सूत, असे आधी सांगून विणून घ्यायचे असेल, तर जानेवारीपर्यंत पुरेसा वेळ आहे का, एवढे मात्र सांगावे.

तलम_सूत

आजच कळवलेत तर होईल. एका ताण्यावर सहसा अनेक साड्या उतरतात, पण ताण्याचा रंग सर्वांना एकच राहतो. म्हणून काठ तोच ठेवून बाण्याचे चार रंग निवडावेत. चारही साड्यांत एकच छटा आतून खेळत राहील.