वसंतराव देशपांडे नव्या कानांना ऐकवायचे, तर सुरुवात कुठून करावी? (इंदूर)

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात यंदा एक संध्याकाळ डॉ. वसंतराव देशपांडे यांच्यासाठी राखून ठेवली आहे. गायक बोलवायचा नाही. त्यांचीच ध्वनिमुद्रणं चांगल्या स्पीकरवर लावायची आणि मध्ये थोडं निवेदन. दोन तास मिळालेत, निवेदन माझ्या गळ्यात पडलंय.

प्रश्न श्रोत्यांचा आहे. पुढे सत्तरी ओलांडलेले काका-काकू, ज्यांना पदं तोंडपाठ. मागे त्यांची हिंदी माध्यमात शिकलेली नातवंडं, शिवाय माळवी आणि पंजाबी घरांतून आलेल्या सुना. मराठी समजतात सगळे, पण नाट्यपदातली भाषा त्यांच्या कानावरून कधी गेलेलीच नाही. त्यांच्यासाठी वसंतराव म्हणजे 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटामुळे ऐकलेलं एक नाव. भावगीत, मैफल आणि रंगभूमी या तिन्ही ठिकाणी हा माणूस किती मोठा होता, ते त्यांच्यापर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं. काय लावू आणि कुठल्या क्रमाने?

पोहे_जिलबी

ताई, भावगीताने उघडा. 'बगळ्यांची माळ फुले' लावा. वा. रा. कांतांची कविता, श्रीनिवास खळ्यांची चाल. त्यामागून 'कुणी जाल का, सांगाल का', कवी अनिलांचं, यशवंत देवांनी बांधलेलं. ही दोन्ही ऐकायला शास्त्रीय गाण्याची तयारी लागत नाही. तान सुरू झाली की मुलं मोबाईल काढतात, म्हणून नाटकाकडे जरा उशिरा वळा.

सराफा_रात्री_दहा

आमच्या घरी 'दाटून कंठ येतो' लागलं की सगळे गप्प होतात. 'अष्टविनायक', १९७९. गायलंयही वसंतरावांनी आणि पडद्यावर मुलीला सासरी पाठवणारा बापही तेच. त्या चित्रपटाचा नायक सचिन पिळगांवकर. पुढे २०१५ च्या 'कट्यार'मध्ये खाँसाहेबांची भूमिका त्यांनीच केली, आणि त्यांच्या तोंडची गाणी गायली वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. पोरांना चित्रपट माहीत असेल तर हा धागा त्यांना लगेच सापडेल.

तंबोरा_जुळवतोय

भावगीतं लावा, त्याला ना नाही. पण वीस मिनिटांच्या वर देऊ नका. वसंतराव समजायचे तर रंगमंचावरचे समजायला हवेत, आणि त्यासाठी पदं प्रसंगासकट ऐकवावी लागतील. नुसत्या पदांची माळ लावली तर मुलांना दहा गाणी सारखीच वाटतील. त्यात दोष मुलांचा नाही. नाट्यपद कोणीतरी, कोणालातरी, काहीतरी हवं म्हणून म्हणत असतं. ते कोण नि काय हवंय, हे आधी सांगा.

तुमच्या दोन तासांतला निम्मा वेळ 'कट्यार काळजात घुसली'ला द्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, पं. जितेंद्र अभिषेकींचं संगीत, प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा ही संस्था. पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७. वसंतराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. लहानपणी भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाले होते, पण मग आयुष्यातली उमेदीची वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करण्यात गेली. दिवसा खतावण्या, उरलेल्या वेळात गाणं. आणि ज्या वयात लोक निवृत्तीचे आकडे मांडतात, त्या वयात हा गृहस्थ खाँसाहेब आफताब हुसेन बनून उभा राहिला. मुलांना हे जरूर सांगा, नोकरी आणि आवड यांचा झगडा त्यांच्याही घरात चालू असतो.

आता प्रसंग. विश्रामपूर संस्थानात राजगायकाचं पद मिळालं की हवेली मिळते आणि सोबत एक कट्यार, जिने केलेला एक खून माफ. खाँसाहेब जिंकतात, आधीचे राजगायक पंडित भानुशंकर यांच्या हवेलीत राहायला येतात आणि तिथे 'या भवनातील गीत पुराणे' म्हणतात. जुन्या मवाळ सुरांनी या घरातून निघून जावं, असं सांगणारं पद आहे ते. पाहुणा येऊन भिंतींनाच नोटीस देतोय! एवढं सांगून मग पद लावा. आवाजातली धार, शब्दावर दिलेला तो ठसका, सगळं आपोआप कळेल.

त्यानंतर 'घेई छंद मकरंद'. या पदाच्या नाटकात दोन चाली आहेत, त्या दोन्ही ऐकवाच. शब्द तेच, मधामागे धावणाऱ्या भुंग्याचे. पंडितजींच्या घराण्याची चाल धानी रागात, संथ, एकेका स्वरावर रेंगाळणारी. खाँसाहेबांची सालगवराळी रागात, तीच ओळ वेगात, ताना अंगावर येतात. मध्ये निवेदन करू नका, एकामागून एक लावा. दोन घराण्यांचं भांडण म्हणजे काय, ते दहावीतलं पोरगंसुद्धा ओळखेल. अभिषेकींनी नाटकाचा सगळा वाद या एका पदात आणून ठेवलाय, आणि वसंतरावांची तान तो वाद पेटता ठेवते.

'तेजोनिधी लोहगोल' मग लावा. ते ललितपंचमातलं, भारदस्त. 'सुरत पिया की' मात्र अजिबात सोडू नका. बंदिश हिंदीतली आहे, तुमच्या मागच्या रांगेला शब्दांची अडचणच येणार नाही.

मल्हारगंज

वरच्या सल्ल्यात भर. फक्त 'कट्यार' लावून थांबू नका, नाहीतर वसंतराव एका भूमिकेचे गायक वाटतील. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधलं 'मृगनयना रसिक मोहिनी' लावा. राग दरबारी कानडा. खाँसाहेबांचा आक्रमकपणा इथे नावालाही नाही, प्रेमात पडलेला अश्विनशेठ आहे. हाच गळा तोच का, असं वाटावं इतका फरक.

आणि त्याच्याही आधी दोन-तीन मिनिटं जुन्या पिढीचे गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकरांना द्या. वसंतरावांच्या गाण्यावर दीनानाथांची दाट छाया आहे. ते झेपावणं, तान अनपेक्षित जागी फिरवणं तिकडचं. 'रणदुंदुभी'तलं 'परवशता पाश दैवे' दीनानाथांच्या आवाजात आहे, जुन्या तबकडीचं, छोटंसं. १९२७ चं नाटक. इंदूरच्या मुलांना त्यात आपलंही काही सापडेल: दीनानाथांची थोरली मुलगी १९२९ साली याच शहरात, शीख मोहल्ल्यात जन्मली. लताबाईंचं नाव घेतलं की मागची रांग पुढे सरकते.

सून_हिंदी_घराची

मी अशाच एका घरात सून म्हणून आले, म्हणून लिहितेय. सासरे पदं लावायचे आणि अर्थ कोणी सांगायचं नाही. मला गाणं आवडायचं, पण आपण बाहेरचे आहोत असं वाटत राहायचं. पुढे सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना जायला लागले तेव्हा उमगलं, कारण तिथे माणूस समोर दिसतो. तेव्हा ताई, पदाआधी दोन वाक्यं हिंदीत बोललात तरी चालेल. काकू लोक रागावणार नाहीत. कागदावर अर्थ छापून वाटू नका मात्र, सगळे कागदातच बघत बसतात.

पोहे_जिलबी

हे पटलं. भावगीतं दोनच, सुरुवातीला. माझं म्हणणं मागे घेत नाही, पण निम्मा वेळ 'कट्यार'ला द्यायला माझी हरकत नाही.

राजेंद्रनगरकर

सगळ्यांचे आभार. क्रम असा धरतेय: 'बगळ्यांची माळ', 'कुणी जाल का', मग दीनानाथ, 'मृगनयना', आणि तिथून थेट विश्रामपूर. 'दाटून कंठ येतो' कुठे घालू? शेवटी लावलं तर लोक रडत घरी जातील. आणि 'नाट्यसंगीताची वाटचाल' या त्यांच्या कार्यक्रमातला तुकडा लावावा का? त्यात ते स्वतः बोलतात.

तंबोरा_जुळवतोय

'दाटून कंठ' दीनानाथांच्या आधी, भावगीतांना लागून. 'वाटचाल'मधला तुकडा नक्की घ्या, 'मृगनयना'च्या अलीकडे, पाच मिनिटांपेक्षा मोठा नको. जुन्या नटांच्या गायकीतले फरक ते बोलता बोलता गाऊन दाखवतात, तुमचं अर्धं निवेदन तेच करून टाकतील. शेवट 'सुरत पिया की'ने करा. स्पीकर आदल्या दिवशी मांडवात लावून बघा. जुनी ध्वनिमुद्रणं आहेत, बेस वाढवलात तर तबला गाण्यावर बसेल. बेस कमी, आवाज मध्यम, आणि आरतीचा माईक त्या दोन तासांत बंद.