विमान कुठं कुठं पाहिजे? निवेदनाच्या निमित्तानं आपल्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-४०१, अध्यक्ष: सर्वांना नमस्कार. उजळाईवाडी भागातल्या सोसायट्या मिळून विमानतळासंदर्भात निवेदन देणार आहेत. कोल्हापूरहून आणखी कुठल्या गावाला विमान पाहिजे ते रविवारपर्यंत इथं लिहा. सोमवारी कागद टाईप करायला देतो.

सी-१०२: दिल्ली. बाकी काही नको.

बी-२०१: अहमदाबाद. कधी चालू, कधी बंद असं नको, कायमचं पाहिजे. आमचं इचलकरंजीचं कापड तिकडंच जातं. सुरत झालं तर सोन्याहून पिवळं.

ए-१०३: गोवा आणि शिर्डी.

डी-३०२: मे २०२५ पासून नागपूर झालंय, आता छत्रपती संभाजीनगर पण जोडा.

सी-२०४, वहिनी: चेन्नई लिहा. आमच्या फौंड्रीचे गिऱ्हाईक तिकडचे. साहेब लोक शिरोली बघायला यायचं म्हणजे पुण्याला उतरून चार-पाच तास गाडीत.

ए-१०३: हुपरीच्या चांदीवाल्यांसाठी राजकोट, आग्रा पण घाला की 😊

बी-३०४, काका: यादी वाचून बरं वाटलं. २०११ नंतर इथून नियमित विमानच नव्हतं, धावपट्टीच्या कडेला गुरं चरायची, ते दिवस मी बघितलेत. १९३९ साली राजाराम महाराजांनी उभं केलेलं विमानतळ असं ओस पडलेलं बघून वाईट वाटायचं. त्यामुळं प्रत्येक नवीन मार्गाचा मला आनंदच आहे. पण हे निवेदन मार्गांची यादी म्हणून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.

सी-१०२: काका, यादी नाही तर काय लिहायचं?

बी-३०४, काका: लिहितो, थांबा. जरा मोठं होईल, पण वाचा.

प्रवासी वाढले, वाढले म्हणतो आपण, ते वाढतात कसे ते बघा. मुंबईला जाणारं एम्ब्रेअर घ्या, ७६ जागांचं. रोज एक जाणं, एक येणं, वर्षाचे ३६५ दिवस एकही सीट रिकामी नाही असं धरलं तरी ५५ हजार ४८० माणसं. त्याच्या वर आकडा जाऊच शकत नाही. हैदराबाद-बंगळूरचं एटीआर ७८ जागांचं, तोच हिशोब. आता आठवड्यातून तीन दिवस जाणारा एखादा नवीन मार्ग आला, तर तो गच्च भरूनही वर्षाला साडेचोवीस हजारांच्या आतच. म्हणजे अशा दोन नव्या गावांची नावं बोर्डावर लागण्यापेक्षा एका मुंबईला दिवसातून दोन विमानं झाली तर गावाला जास्त उपयोग.

दुसरी गोष्ट, उडान योजना. त्यात सरकार कंपनीचा तोटा भरून देतं, पण एका मार्गाला तीनच वर्षं. त्या बदल्यात निम्म्यापर्यंत जागा ठरलेल्या दरात द्यायच्या. योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार धरले होते. तीन वर्षं संपली की कंपनी बघते, स्वतःच्या बळावर विमान भरतंय का. नाही भरलं की गाशा गुंडाळला. आपलं मुंबईचं विमान असंच मध्ये बंद पडलं होतं. ऑक्टोबर २०२२ ला स्टार एअरनं परत सुरू केलं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

आणि विमान भरतं कशानं? वेळेनं. मुंबईला ज्याचं काम आहे त्याला सकाळी दहाला तिथं पोचायचं असतं आणि रात्री घरी जेवायला यायचं असतं. विमान दुपारचं असलं की एक रात्र हॉटेलात गेली. मग तो म्हणतो, त्यापेक्षा महालक्ष्मी एक्सप्रेस बरी, रात्री झोपलो की सकाळी मुंबई. सकाळची वेळ का मिळत नाही? मुंबईत धावपट्ट्या दोन असल्या तरी एकमेकींना छेदणाऱ्या, एका वेळी एकच वापरता येते. तासाला जास्तीत जास्त ४६ विमानं. त्यात दीडशे-दोनशे जागांची विमानं रांगेत असताना आपल्या ७६ जागांच्या विमानाला सकाळी आठची वेळ कोण देणार?

म्हणून माझी मागणी अशी: मुंबईला सकाळी जाणं, संध्याकाळी येणं, आठवड्याचे सातही दिवस. बाकी सगळं त्याच्या खाली.

डी-३०२: काका, नवी मुंबई विमानतळ आहे की आता.

बी-३०४, काका: तेच पुढं लिहिणार होतो. ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं त्याचं. नवीन ठिकाण आहे तोवर वेळा मिळतील, नंतर तिथंही गर्दी होणार. म्हणजे मागायचं ते आत्ताच.

सी-१०२: पण ते विमानतळ उलव्याला. तिथं उतरून दादर-अंधेरीला जायचं म्हणजे निम्मा दिवस तिथंच गेला.

बी-२०१: अंधेरीवाल्याला लांब पडेल, खरं आहे. पण अटल सेतूवरून मंत्रालय, फोर्ट जवळ येतंय. आणि माझ्या मेव्हण्याचा गुळाचा व्यापार आहे, त्याचं सगळं काम वाशीच्या मार्केटात. त्याला सांताक्रूझपेक्षा उलवे कधीही बरं.

ए-२०२, वकील: मंत्रालयाचं ठीक आहे. पण हायकोर्टासाठी मुंबईला जाणारे आम्ही वकील आणि पक्षकार आता कमी झालो ना? ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथंच सुरू आहे. चाळीस वर्षांच्या वरची मागणी होती ती. माझ्याच मुंबईच्या फेऱ्या बंद झाल्या. मग मुंबईचं विमान भरणार का, हाही प्रश्न आहे.

बी-३०४, काका: वकीलसाहेब, चांगला मुद्दा काढलात. जाणारे कमी झाले, पण येणारे?

ए-२०२, वकील: येणारे वाढलेत, हे मान्य. सीनियर कौन्सिल मुंबईहूनच येतात. सहा जिल्ह्यांची कामं आहेत. त्यांना सकाळी उतरून साडेदहाला कोर्टात उभं राहायचं असतं. म्हणजे त्यांना सकाळी मुंबईहून इकडं यायला पाहिजे, आणि तुम्हाला सकाळी इकडून तिकडं.

बी-३०४, काका: विमान रात्री कोल्हापुरात मुक्कामाला राहिलं तर सकाळी पहिलं इथून जाईल आणि लगेच तिकडून माणसं घेऊन येईल. नोव्हेंबर २०२२ पासून रात्री उतरायची परवानगी आहे आपल्याकडं. दिवे आहेत, नवी इमारत आहे. दोन्ही बाजूंची सोय होते. "विमानाचा रात्रमुक्काम कोल्हापुरात" हे वाक्य निवेदनात घालाच.

ए-४०१, अध्यक्ष: घेतलं लिहून.

सी-२०४, वहिनी: तिरुपतीचं पण विसरू नका. २०१९ ला सुरू झालं तेव्हा सासूबाईंना घेऊन गेले होते. गुडघ्यांमुळं हरिप्रिया एक्सप्रेसचा प्रवास त्यांना झेपत नव्हता, पाच वर्षं दर्शनाचं नुसतं म्हणत होत्या. खिडकीशी बसल्या, हात जोडले ते उतरेपर्यंत सोडले नाहीत. नवरात्रात तिकडून अंबाबाईला शालू येतो आणि इथल्या बायकांना तिकडं जायला धड सोय नसावी, हे बरं नाही.

ए-१०३: 🙏🙏

डी-१०१: सगळं चांगलं बोलताय. मी एक विचारू? विमान रद्द झालं तर काय? आम्ही गेल्या पावसाळ्यात भोगलंय. भावाचं मुंबईत ऑपरेशन होतं, ही आणि मी दोघं निघालो होतो. बोर्डावर वेळ पुढं पुढं सरकत होती. कंपनीच्या माणसाला विचारलं तर "बघतोय सर" एवढंच. मग वरून आवाज आला. ढग इतके खाली की विमान दिसत नव्हतं, नुसता आवाज. नव्या इमारतीच्या त्या दगडी कमानींकडं तोंड करून सगळी माणसं गप्प उभी, कान वर. एकदा आवाज डोक्यावरून गेला, थोड्या वेळानं परत आला, दुसऱ्यांदा गेला तो बारीक होत होत गेलाच. विमान मुंबईला परत. ही एकदम खाली बसली. टॅक्सी करून निघालो, कऱ्हाडला उड्डाणपुलाच्या कामात अडकलो, पोचलो तेव्हा भावाला ऑपरेशनहून बाहेर आणलेलं होतं.

पाऊस कुणाच्या हातात नाही, तक्रार त्याची नाही. दोन तास आधी खरं सांगितलं असतं तर आम्ही वेळेत पोचलो असतो.

बी-३०४, काका: वाचून गलबलून आलं. भाऊ बरे आहेत ना आता?

डी-१०१: बरा आहे. चालतोय फिरतोय.

बी-३०४, काका: हा मुद्दा सगळ्यात वर घ्या अध्यक्ष. माणसाचा एकदा विश्वास उडाला की तो पुढची तीन वर्षं पुण्यालाच जातो आणि चार जणांना तेच सांगतो. ढग खाली असले तरी विमान धावपट्टीशी आणून देणारी यंत्रणा असते, ती आणि कमी दृश्यमानतेत उतरायची पुढची परवानगी, दोन्ही मागा. आणि उशीर झाला तर तासातासाला खरी माहिती. याला पैसे लागत नाहीत.

सी-१०२: आणि माझी दिल्ली? 😔

डी-३०२: दादा, दिल्ली हवेतून साडेतेराशे किलोमीटर. एटीआरचं ते काम नाही. एअरबस पूर्ण भरून उडायची तर धावपट्टी लांब पाहिजे. पूर्वी १३७० मीटर होती, आता १९३० आहे, पुढं २३०० करायचीय. मुडशिंगीची ६४ एकर जमीन त्यासाठीच.

ए-१०२, आक्का: जमिनीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझं माहेर गडमुडशिंगी. तुम्ही "६४ एकर" एका ओळीत लिहिता, त्यात आमच्या चुलत्यांचं रान आहे. उसाच्या बांधाला विहीर होती, तिच्या थारोळ्यात आम्ही सगळी पोरं पोहायला शिकलो. पैसे मिळाले, नाही म्हणत नाही. पण चुलते अजून सकाळी उठून त्या तारेच्या कुंपणापर्यंत जाऊन येतात. आणि नेर्ली-तामगावचा रस्ता बंद झाल्यावर लोकांना किती वळसा पडला ते विचारा एकदा. दूध डेअरीला घालणाऱ्याला, शाळेच्या पोरींना.

मी विमानतळाच्या विरोधात नाही. माझी लेक हैदराबादला असते, विमानामुळंच ती महिन्या-दोन महिन्यांनी दिसते. पण निवेदनात त्या गावांसाठी चांगल्या पर्यायी रस्त्याचं लिहाल का? आणि विमानतळावर नोकऱ्या निघतील तेव्हा त्या गावांतल्या पोरांना आधी.

बी-२०१: आक्का, लिहायलाच पाहिजे.

सी-१०२: आक्का, मी दिल्ली दिल्ली करत होतो, हे डोक्यातच नव्हतं. रस्त्याचा मुद्दा माझ्या नावानं पण घाला.

बी-३०४, काका: आक्का, तुमचा मुद्दा मी स्वतः लिहून देतो. तामगावला जाऊन दोघा-तिघांशी बोलूनच लिहितो, म्हणजे नेमकं होईल.

ए-४०१, अध्यक्ष: आतापर्यंतचं असं झालंय. पावसाळ्यात विमान उतरायची सोय आणि रद्द झाल्यास वेळेत खरी माहिती. मुंबई रोज, सकाळी जाणं संध्याकाळी येणं, विमानाचा रात्रमुक्काम इथं, नवी मुंबईच्या वेळा आत्ताच मागणं. नेर्ली-तामगावला पर्यायी रस्ता आणि स्थानिकांना नोकऱ्या. तिरुपती, अहमदाबाद नियमित. त्याखाली नवीन मार्ग: चेन्नई, सुरत, संभाजीनगर, गोवा वगैरे. दिल्ली धावपट्टी झाल्यावर. कुणाची हरकत?

बी-२०१: नाही. अहमदाबादसमोर "रोज" लिहा फक्त.

सी-२०४, वहिनी: सह्या कधी घेणार?

ए-४०१, अध्यक्ष: टाईप झाल्यावर पुढच्या रविवारी सकाळी दहा ते बारा, खाली क्लब हाऊसमध्ये. घरटी किमान एक सही पाहिजे. आक्का, तुमची पहिली.

ए-१०२, आक्का: येते. त्याच दिवशी दुपारी लेक यायचीय हैदराबादहून. कुणाची गाडी विमानतळाकडं जाणार असेल तर सांगा.

डी-१०१: मी येतो आक्का. विमान निघालं का तिकडून ते आधी बघतो, मगच हॉर्न वाजवतो.