मदत हवी आहे: हॅवलॉक (स्वराज द्वीप), कोरल, जंगल आणि सोबत साबा-साबु

चिंगीचीआई:

नमस्कार मंडळी,

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानला जायचं घाटतंय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा). साबुंना सेल्युलर जेल बघायचं आहे. सावरकरांच्या कोठडीपाशी जाऊन यायचं, हे त्यांचं फार जुनं म्हणणं. त्यामुळे पोर्ट ब्लेअरचा (आता श्री विजयपुरम) भाग पक्का आहे, त्यावरचे जुने धागेही वाचून काढलेत. माझे प्रश्न फक्त हॅवलॉकचे आहेत.

लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी प्रवाळाचा तक्ता केला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिला 'जिवंत' कोरल बघायचं आहे. नवऱ्याला स्कुबा करायचंय. मला पोहता येत नाही, आणि लाइफ जॅकेट घातलं तरी पाय टेकेनासे झाले की माझा धीर सुटतो. साबांचे गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर त्या माझ्यापेक्षा जास्त चालतात.

टूरवाल्याने दिलेला बेत असा: सकाळच्या बोटीने हॅवलॉक, दुपारी राधानगर बीच, मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून तरंगत पाण्याखाली बघणं) आणि लगेच दुपारच्या बोटीने नील बेट. "बेट छोटंच आहे मॅडम, एवढं पुरतं," असं म्हणाला. पुरतं का खरंच? एलिफंट बीचला जंगलातून चालतही जाता येतं असं वाचलं. ते लेकीला घेऊन जमेल का? साबांचं काय करायचं? आणि मुख्य म्हणजे तिथलं कोरल अजून जिवंत आहे की सगळं पांढरं पडलंय? मैत्रीण म्हणते, "तपकिरी दगड बघायला एवढा खर्च कशाला, मालवणला जा."

बोट लागण्यावर उपाय, शाकाहारी जेवण, मोबाइलला रेंज, जे सुचेल ते सांगा. आगाऊ धन्यवाद.

अजून_एक_पुणेकर:

एक रात्र म्हणजे बोटीतून उतरायचं आणि परत चढायचं. किमान दोन पूर्ण दिवस हॅवलॉकला द्या, नील गाळलंत तरी चालेल. बाकी निळाशार सांगतीलच, त्यांचा मुलूख आहे तो.

निळाशार:

हाक मारलीत, आलो.

ताई, टूरवाल्याचा बेत त्याच्या गाड्यांच्या सोयीने आखलेला आहे. हॅवलॉकला समुद्राच्या सोयीने दिवस आखावा लागतो. हॉटेल कुठलं, ते नंतर बघा. आधी त्या तारखांचं पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, ते गणित तिथे लावू नका, प्रत्येक बंदराचा हिशोब वेगळा. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि रोज वेळ साधारण पाऊण-एक तास पुढे सरकणार, एवढं मात्र तिथेही तसंच.

याने फरक काय पडतो? प्रवाळ उथळ पाण्यात आहे. ओहोटीला त्याच्यावर जेमतेम कमरेएवढं पाणी उरतं, नवखा माणूस घाबरून पाय खाली टाकतो आणि त्या एका पावलाखाली पंधरा-वीस वर्षांची वाढ मोडते. शिवाय पाय कापून निघतो, ते वेगळंच. भरती निम्म्यावर आली की तिथून पुढचे दोन-तीन तास सगळ्यात चांगले: पाणी स्वच्छ आणि तरंगायला ऐसपैस. पॅकेजवाली गर्दी मात्र भरती असो की ओहोटी, ठरलेल्या वेळीच येते. तुम्ही दोन रात्री राहिलात तर दोन सकाळींपैकी बरी कोणती ते निवडू शकता. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाण्याची ओढही कमी असते.

आता 'तपकिरी दगड'. मैत्रिणीला सांगा की तपकिरी म्हणजेच ठणठणीत! प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतं, आणि बदामी, शेवाळी, तपकिरी छटा बहुतेक त्या शैवालाच्या. पाणी बरेच दिवस जास्त तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरंफटक दिसायला लागतं. त्या अवस्थेत ते लगेच मेलेलं नसतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं आणि वर लव धरते. अंदमानात २०१० च्या उन्हाळ्यात फार मोठ्या प्रमाणावर असं झालं, नंतर २०१६ लाही फटका बसला. त्यामुळे एलिफंट बीचच्या उथळ भागात मोडलेल्या फांद्यांचा खच दिसेल, ते लेकीला आधीच सांगून ठेवा. पण त्याच्याच पलीकडे मेंदूसारख्या वळ्यांचे मोठे गोळे आहेत. पोपटमासा आपल्या चोचीने खडक खरवडतो, त्याचा करकर आवाज पाण्याखाली कान देऊन ऐकला तर चक्क येतो. माहितीपत्रकातले लाल-जांभळे फोटो खोलवर दिवा मारून काढलेले असतात. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो.

स्कुबाचं: पहिल्यांदाच करणाऱ्याला पोहता यायची अट नसते, प्रशिक्षक धरूनच नेतो, जास्तीत जास्त १२ मीटर. वयाची अट १० पूर्ण. लेक नऊची, म्हणजे बोटीवरचं स्कुबा नाही. आठ वर्षांपुढच्या मुलांना २ मीटरपर्यंतच्या सुरक्षित पाण्यात सिलिंडर लावून घेण्याचा एक छोटा प्रकार असतो, तो कुठलं केंद्र घेतं ते आधी फोनवर विचारा. "चालतंय हो, दहा लिहा" म्हणणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. नवऱ्याला दमा, कानाचं ऑपरेशन, रक्तदाब असं काही असेल तर पुण्यातूनच डॉक्टरांचं पत्र न्या. मिशी असेल तर मास्कमध्ये खालून पाणी झिरपतं. नाकाखालची रेघभर जागा भादरली तरी पुरे.

आणि डाइव्ह केल्यावर लगेच विमान नको. एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, जास्त असतील तर १८ तास जाऊ द्या. तसंही वारा उठला की बोटी रद्द होतात, म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. दोन्ही कामं एकदम होतात.

माहेरचीमालवणी:

निळाशार यांना अनुमोदन, फक्त 'मालवणला जा' म्हणणाऱ्या मैत्रिणीची बाजू थोडी घेते :) सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आमच्याकडेही प्रवाळ आहे, तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे. पण पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, हे मालवणीने कबूल करायला हरकत नाही. तुमच्या लेकीला मास्क-नळीची सवय मात्र घरीच करून द्या. तरणतलावात, नाहीतर बादलीत तोंड घालून का होईना. नाकाने श्वास घ्यायची सवय सुटायलाच वेळ लागतो. पहिल्यांदाच समुद्रात नळी तोंडात घेतली की सगळा वेळ ठसक्यात जातो. मास्क मुलांच्या मापाचा स्वतःचा घ्या. भाड्याचा गळतो आणि पोर रडतं.

तुमच्यासाठीही: एलिफंट बीचला गाइड रबरी कडं धरून ओढत नेतो, तुम्ही नुसतं तोंड पाण्यात घालायचं. तेही नको वाटलं तर काचेच्या तळाची बोट आहे. साबा-साबुंनाही ती चालेल.

डहाळी:

कोरलवर सगळे बोलले, जंगलाला वाली नाही म्हणून लिहितेय.

एलिफंट बीचची पायवाट साधारण दोन किलोमीटरची आहे. राधानगरच्या रस्त्यावर मध्येच फाटा लागतो, तिथे वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची. नऊ वर्षांच्या मुलीला सहज जमेल. वर गर्जन आणि पडौकची झाडं सरळसोट गेलेली, खोडांना भिंतीसारख्या आधारमुळ्या, खाली भर सकाळी अंधारलेलं. पडौक हा अंदमानचा राज्यवृक्ष, लाकूड गडद लाल. शेवटच्या टप्प्यात तिवरांजवळून (खारफुटीजवळून) जाताना चिखल लागतो, भरतीला तिथे पाणीही भरतं. चप्पल नको, पट्ट्याचे सँडल हवेत. साबांना ही वाट नको. त्यांनी आणि साबुंनी जेट्टीवरून बोटीने यावं, तुम्ही तिघं चालत जा, किनाऱ्यावर भेटा. परतीला सगळे बोटीने. बोटवाल्याला हे आधीच सांगून पैसे ठरवा, नाहीतर परतीला जागा नाही म्हणतो.

२००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावर आडवी पडलेली पांढरी झाडं अजून दिसतात. आणि नाही, एलिफंट बीचला हत्ती नाहीत. लाकूड ओढायला आणलेले होते. त्यातला समुद्रात पोहणारा राजन २०१६ मध्ये गेला. लेकीला आधीच सांगा, आमच्याकडे यावरून रुसवा झाला होता.

घड्याळाचंही लक्षात ठेवा. वेळ भारताचीच पण बेट बरंच पूर्वेला, त्यामुळे मार्चअखेर साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जंगलात त्याच्याही आधी दिसेनासं होतं. पहाटे मात्र सव्वापाच-साडेपाचला लख्ख उजाडतं. राधानगरला 'पाचला निघू, सूर्यास्त बघू' असं पुण्याचं गणित केलंत तर सूर्य गेलेला असेल. चारलाच पोचा. तिथे किनारा आणि रस्ता यांच्यामध्ये समुद्री महुआची प्रचंड झाडं आहेत, साबांना सावलीत बसता येईल.

अजून_एक_पुणेकर:

मगरींचं कोणी बोललं नाही. घाबरवत नाही, पण राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये २०१० साली एका पर्यटक तरुणीचा खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिथे बघायला जा, पाण्यात उतरू नका. बाकी किनाऱ्यांवर पाटी आणि जीवरक्षक काय सांगतात ते ऐकायचं. खाडीचं तोंड, तिवरं, संध्याकाळ हे तिन्ही टाळायचं.

बोट लागू नये म्हणून: गोळी निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास, मधल्या रांगेत मागची जागा, पोटात थोडं कोरडं खाणं. पोहे-मिसळ हादडून बसू नका. खासगी बोटी बंद वातानुकूलित असतात, दीड-दोन तास लागतात. सरकारी बोट संथ आहे पण डेकवर उभं राहता येतं, ज्यांना लागते त्यांना तीच बरी. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा.

चिंगीचीआई:

बापरे, किती भराभर उत्तरं! पॅकेज मोडतेय हे नक्की, नीलवर फुली. टूरवाला रुसलाय.

दोन शंका. सनस्क्रीन कोरलला वाईट म्हणतात, मग काय लावायचं? आणि लेकीला तक्त्यावर चिकटवायला किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडा आणला तर चालेल का? मेलेलाच आहे ना?

निळाशार:

तुकड्याला ठाम नाही. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मेलेला, तुटलेला, वाळूत सापडलेला, काही फरक पडत नाही. विमानतळावर सामानाच्या तपासणीत दिसतो आणि मग नऊ वर्षांच्या मुलीसमोर चौकशी. फोटो चिकटवा. ओहोटीच्या वेळी विजयनगरच्या किनाऱ्यावर खडकातल्या डबक्यांत समुद्रकाकडी, खेकडे, छोटे मासे दिसतात, ते वहीत काढायला सांगा. (बुटांशिवाय त्या खडकावर कोणी जायचं नाही.) म्हणजे ओहोटीही वाया जात नाही.

सनस्क्रीनचं सोपं: पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला. पाठ आणि पोटऱ्या झाकल्या की लावायला उरतं काय, चेहरा आणि हात. त्यासाठी ऑक्सिबेन्झोन नसलेलं, झिंक ऑक्साइडवालं बघा. अमेरिकेतल्या हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोनवाल्यांच्या विक्रीवर बंदी आणली आहे. प्रवाळाचा मोठा शत्रू तापलेलं पाणीच, पण आपल्या हातातलं आपण करावं.

माहेरचीमालवणी:

जेवणाचं राहिलं. हॅवलॉकची वस्ती मुख्यतः पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. बाजारातल्या खानावळीत डाळ-भात-भाजी-माशाची ताटं असतात, शाकाहारी ताट सांगितलं की मिळतं. फक्त मोहरीच्या तेलाचा वास साबांना चालतो का बघा. संकष्टी मध्ये येत असेल तर राजगिऱ्याचे लाडू घरूनच न्या.

रेंज आता बरी आहे, २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली त्यात हॅवलॉकही जोडलं गेलं. तरी रोख जवळ ठेवा, एटीएमवर भिस्त नको. संध्याकाळी वाळूवर बसाल तर वाळूमाश्या चावतात, डासांसारख्या लगेच कळत नाहीत, दुसऱ्या दिवशी खाज सुटते. पाय झाकून बसा आणि खाजवू नका.

चिंगीचीआई:

मोहरीचं तेल अजिबात चालत नाही, पण त्या भात आणि दह्यावर राहायला तयार आहेत. नवरा मिशी काढायला तयार नाही.

एकच शेवटचं: एलिफंट बीचला बोटीतून उतरताना साबांना उडी वगैरे मारावी लागते का?

डहाळी:

उडी नाही, पण पाय पाण्यात घालावे लागतात. किती पाण्यात, ते भरतीवर. खलाशी हात देतात, लाकडी पायरीही लावतात, ती मागून घ्या, लाजू नका. पण गुडघा त्या दिवशी कुरकुरत असेल तर त्यांना राधानगरला महुआखाली बसवा आणि साबुंना सोबत ठेवा. बोटीचं तिकीट मात्र जेट्टीवर त्याच दिवशी सकाळी काढा, आदल्या दिवशी पाच जणांचे पैसे भरून टाकू नका.