लॅपटॉप जोडला म्हणजे मेकॅनिक झालो काय?

सर्व्हिसवाला_नाशिक:
"गाडीच्या कंपनीचे सॉफ्टवेअर मिळवा, लॅपटॉप गाडीला जोडणारी केबल मागवा आणि सर्व्हिस सेंटरला रामराम ठोका," असा सल्ला काल येथे एका सभासदाने दिला, म्हणून हे लिहिणे भाग आहे. फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाड, वाचणे वेगळे आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, फ्लॅश करणे, म्हणजे त्यातले सॉफ्टवेअर बदलणे, वेगळे. फ्लॅशिंग अर्ध्यावर असताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर ईसीयू कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून आम्ही आधी पॉवर सप्लाय जोडतो. गेल्या महिन्यात टो करून आलेल्या एका गाडीच्या मालकाने हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून अपडेट मारले होते.

केबलधारी:
तो सल्ला माझाच. माझ्या डिझेल गाडीचा एक इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारा भाग, सर्व्हिस सेंटरने बदलला आणि त्याचा कोड ईसीयूत भरण्याची निराळी रक्कम बिलात 'प्रोग्रॅमिंग' म्हणून लावली. तरीही गाडी आयडलिंगला थरथरत राहिली, तेव्हा मी केबल लावून पाहिले, तर तिसऱ्या सिलिंडरपुढे जुन्याच इंजेक्टरचा कोड होता. नव्याच्या डोक्यावर छापलेला कोड मी भरला आणि थरथर थांबली. स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजांपासून अडवून धरल्याबद्दलच ना?

जुनी_गाडी_नवा_मालक:
दंडाचे राहू द्या. असल्याच केबली लावून लोक मीटर मागे फिरवतात. मी ४८,००० किलोमीटर चाललेली म्हणून घेतलेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचे रबर पार गुळगुळीत झाले होते, आणि गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या संगणकात, आकडा निघाला १,१२,०००!

केबलधारी:
आणि तो आकडा आपण कशाने वाचलात? पंचांग पाहून?

जुनी_गाडी_नवा_मालक:
मित्राच्या केबलने. परंतु टोमणे मारून माझे पैसे परत येणार नाहीत. विकणाऱ्याने फोन उचलणेही बंद केले आहे.

गॅरेज_३०_वर्षे:
मीटरची चोरी सॉफ्टवेअर येण्याआधीही होत असे. तेव्हा केबिनमध्ये बसून स्क्रू-ड्रायव्हरने आकडे फिरवीत. नाशिककर, मागचे ब्रेक पॅड बदलण्यासाठी इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक केबल लावून सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा, म्हणजे मोकळा करावा लागतो. तेवढ्यासाठी मी गिऱ्हाइकाला आपल्या दारात पाठवायचे काय? अमेरिकेत टोयोटाचे निदानाचे सॉफ्टवेअर कुणालाही दोन दिवसांच्या वर्गणीवर मिळते. आम्हालाही तसे रीतसर द्या, मग क्रॅक केलेली प्रत लॅपटॉपमध्ये घेण्याची हौस कोणाला आहे?

सर्व्हिसवाला_नाशिक:
वर्गणीचा मुद्दा मान्य, पण तो माझ्या हातातला नाही. इंजेक्टरचा कोड न भरता पैसे घेणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. मात्र इमोबिलायझरसारखी, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, कामे अनेक गाड्यांत कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय होत नाहीत, तेथे केबलधारींची केबल काय दिवे लावणार, हे त्यांनी सांगावे.

केबलधारी:
काही नाही. तेवढ्यापुरता आपल्याकडेच येईन, आणि काम झाल्यावर केबल लावून तपासूनच गाडी ताब्यात घेईन.