मदत हवी आहे: एलपीए देऊनही इशिकावा सेल्स वाढत नाहीयेत

नमस्कार मंडळी, मी नागपूरला पीएचडी करून राहिली आहे, विषय गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. दोन महिने झाले एकाच जागी अडकलीये.

इशिकावा सेल्सना (याच कॅन्सरच्या, लॅबमधे वाढवलेल्या पेशी) लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड म्हणजे एलपीए देते आणि ४८ तासांनी एमटीटी लावते (जिवंत पेशी जितक्या जास्त, तितका जांभळा रंग गडद). एलपीए तसं छोटंसं लिपिड, ऑटोटॅक्सिन नावाचं एन्झाइम ते एलपीसी नावाच्या दुसऱ्या लिपिडपासून बनवतं, आणि पेशीवरच्या सहा रिसेप्टरांपैकी एखाद्याला जाऊन चिकटलं की आत ईआरके हे वाढीचा निरोप देणारं प्रोटीन जागं होतं आणि पेशी वाढायला लागते, हे वाचूनच तर विषय घेतला होता. पण माझ्या प्लेटमधे कंट्रोल (एलपीए न दिलेली) आणि १० मायक्रोमोलर एलपीएची, दोन्ही रांगा सारख्याच, पिकल्या जांभळासारख्या गडद. खिडकीशी उजेडात धरून पाहिल्या, काडीचा फरक नाही.

मीडियम नेहमीचं लाल, १० टक्के एफबीएस म्हणजे गाईच्या गर्भाचं सीरम. एलपीए पीबीएसमधे (मिठाचं बफर द्रावण) करून उणे २० ला ठेवलंय. मे महिन्यात एकदा रात्रभर लाइट गेली होती, तेव्हा खराब झालं असेल का? नवीन व्हायल महाग आहे हो.

माझ्या मावशीला हाच आजार झाला. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, परत अंगावरून रक्त जायला लागलं तर उन्हाळ्याची उष्णता झाली म्हणून सब्जा पीत चार महिने काढले तिने. पिशवी काढली, आता बरी आहे. पण म्हणून हे काम अर्धवट सोडायची इच्छा नाही.

प्रतिसाद:
ताई, व्हायलच्या आधी सीरमकडे बघा. रक्त गोठताना एलपीए आणि एसवनपी (तसंच आणखी एक लिपिड) दोन्ही तयार होतात, म्हणजे तुमचा कंट्रोल आधीच पोटभर जेवलेला, त्याला आणखी वाढून काय कळणार? रात्रभर सीरमशिवाय ठेवा, मग द्या. नुसत्या पीबीएसमधे एलपीए प्लास्टिकला चिकटतं, फॅटी ॲसिड काढलेल्या ०.१ टक्के बीएसएमधे (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन प्रोटीन) करा. फिनॉल रेडवालं, म्हणजे ते लाल मीडियमही सोडा, तो रंग थोडा इस्ट्रोजेनसारखा वागतो आणि इशिकावाला इस्ट्रोजेन रिसेप्टर असतो. आणि ४८ तास थांबायच्या आधी ५-१० मिनिटांवर फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे जागं झालेल्या ईआरकेचा ब्लॉट (प्रोटीन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) करून बघा, पट्टी गडद झाली तर एलपीए जिवंत आहे.

धागाकर्ती:
खूप धन्यवाद, सीरमचं डोक्यातच आलं नव्हतं. पण सीरम पूर्ण काढलं की माझ्या सेल्स दुसऱ्या दिवशी गोल होऊन तरंगायला लागतात. अर्धा टक्का ठेवलं तर चालेल का, की चारकोल लावून साफ केलेलं सीरम घेऊ? त्यात स्टेरॉइडसोबत लिपिडही निघून जातात ना?