धबधबा बघायला चोर्ल्याला, आणि दारचा बळ्ळारी नाला?

वडगावकर:
परवा रविवारी जांबोटीला गेलो होतो. चोर्ला घाटाकडं निघालेल्या गाड्यांची रांग बघून वाटलं, सगळं बेळगाव निसर्गवेडं झालंय. माझाच शेजारी धुक्यात फोटो काढत उभा. "काय हिरवंगार आहे ओ!" सोमवारी सकाळी तोच गृहस्थ स्कूटर थांबवून निर्माल्याची पिशवी दारच्या बळ्ळारी नाल्यात भिरकावत होता. गाठ मारलेली, प्लॅस्टिकची. पिशवी बुडालीसुद्धा नाही, जलपर्णीवर जाऊन बसली. आम्हाला निसर्ग फिरायला पाहिजे. दारात आला की त्याला गटार म्हणतो. राकसकोप धरण भरलं की पेपरातला फोटो बघून निवांत. ते ज्या नदीवर आहे त्या मार्कंडेयचं नाव घरातल्या पोराला विचारा, सांगता येणार नाही. खोटं असेल तर बोला.

टिळकवाडीचा:
अर्धं खोटं आहे. पहाटे साडेपाचला व्हॅक्सिन डेपोत या. एकेकाळी देवीची लस तयार व्हायची ती जागा. स्मार्ट सिटीची कामं तिथल्या झाडांत शिरली तेव्हा विरोध कुणी केला? शहरातल्याच लोकांनी. म्हादईचं पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा प्रकल्पासाठी खानापूरचं जंगल जाणार म्हणून रस्त्यावर उतरले तेही इथलेच. रविवारी फिरायला गेलेला माणूसच उद्या भांडायला उभा राहतो. न बघितलेल्या जंगलासाठी कोण भांडणार? एका पिशवीवरून सगळ्या गावाला नावं ठेवू नका.

येळ्ळूरची:
डेपोतली झाडं वाचवलासा, बरं केलासा. हलगा-मच्छे बायपाससाठी भाताच्या शिवारात जेसीबी शिरला तेव्हा तुमच्यातलं कोण आलं होतं? भात निघाला की त्याच ओलीवर मसूर येणारी जमीन ती. आमचा बासमती एका घरात शिजला की गल्लीला कळायचं. तुम्हाला झाड पडलेलं दिसतं, भाताचं रान मात्र रिकामी जागा वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वस्तीत पाणी घुसलं, तर विचारत होते, एवढं पाणी आलं कुठनं? अहो, ते दरवर्षीच येतंय. त्याच्या जायच्या वाटेवर तुम्ही कॉलम उभे केलासा.

उद्यमबागवाला:
ताई, राग मान्य. पण गुंठ्यानं विकलं कुणी? मी कारखान्यात कामाला. कर्ज काढून तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतला, तोही भातशेतीतलाच. एजंटनं दाखवला तो मे महिना, भुई कडकडीत वाळलेली. जूनमध्ये पाया खणला तर खड्ड्यात खेकडे. हसू नका. तवा कळलं जागा कसली हाय ती. आता सोडून कुठं जाऊ? उंचावर घर असलेल्यांनी पर्यावरण शिकवू नये, एवढंच.

येळ्ळूरची:
विकलं, नाही म्हणत नाही. माझ्याच दिरानं विकलं, पोरीचं लग्न होतं. पण बायपासची जमीन कुणी विकायला काढली नव्हती. दोन्ही एका मापानं मोजू नका.

टिळकवाडीचा:
त्या शिवारात आम्ही आलो नाही, हे खरं. पण नाला साफ करायचं काम महापालिकेचं, तेही वडगावकर शेजाऱ्याच्याच गळ्यात घालणार काय?

वडगावकर:
घंटागाडी दारात येते ओ! गाळ महापालिकेनं काढावा, पिशवी पण तिनंच धरायची काय? आणि शेजाऱ्याला मी तरी कुठं अडवलं? गाडी पुढं काढली. रोज तोंड बघायचं असतं. पावसात खानापूरकडच्या बायका पानात बांधून अळंबी आणतात, त्यांच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालताना मात्र माझं तोंड चालतं. रान तुडवून ती कुणी वेचली, हे तेव्हा आठवत नाही.

उद्यमबागवाला:
खेकडे अजून येतात. मागच्या आठवड्यात पोरानं एक बादलीत ठेवला होता, रात्री निघून गेला. ताई, परसात बारा महिने ओल असते. काय लावू?

येळ्ळूरची:
अळू लावा. आणि मागच्या कंपाऊंडला खालनं भोकं ठेवा, पाणी अडवू नका.